नेच्याची नजरेआड राहिलेली पिढी

लोणी देवकरसारख्या इंदापूर तालुक्यातील कमी पावसाच्या गावात नेचे कुठून दाखवायचे, असा प्रश्न शिक्षकांना पडतो. सह्याद्रीचे घाट दूर आहेत हे खरे. पण जुन्या विहिरीच्या ओल्या, सावलीतल्या दगडी फटी पाहाव्यात. तेथे हंसराज हा नेचा सापडू शकतो. त्याला फूल नाही, बी नाही. मग त्याची संतती वाढते कशी?

या प्रश्नाने वनस्पतिशास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ चकवले. अठराव्या शतकात लिनिअसने अशा वनस्पतींच्या वर्गाला 'क्रिप्टोगॅमिया', म्हणजे गुप्त विवाहाच्या वनस्पती, असे नाव दिले. पानामागची तपकिरी भुकटी, म्हणजे बीजाणू, रुजते हे जमैकातील शल्यचिकित्सक जॉन लिंडसे यांनी दाखवले; त्यांचे निरीक्षण १७९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीजाणूतून प्रथम उगवते ती नखाहून लहान हिरवी चकती, प्रोथॅलस. तिच्यावर पोहणारी रेतुके कार्ल नेगेली यांना १८४४ मध्ये दिसली. १८४८ मध्ये पोलिश सरदार लेश्चित्स-सुमिन्स्की यांनी तिच्यावरच मादी अवयव दाखवले. गुप्त विवाहाचे स्थळ अखेर सापडले!

१८५१ मध्ये विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी या साऱ्याचा अर्थ लावला. हे गृहस्थ लाइपझिगच्या पुस्तक-व्यवसायातले. विद्यापीठाची पदवी नसलेले. मॉस, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष यांच्यात दोन पिढ्या आलटूनपालटून येतात, हे त्यांनी मांडले. हेच पिढ्यांचे एकांतरण.

आज ही आकृती विद्यार्थी पाठ करतात. चकती मात्र क्वचितच पाहतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या लेस्ली हिकॉक व थॉमस वॉर्न यांनी सेराटॉप्टेरिस रिचार्डी हा नेचा वर्गात आणला. त्याच्या चकत्या सुमारे दोन आठवड्यांत पक्व होतात. पाण्याचा थेंब टाकताच रेतुके बाहेर पडून पोहू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसतात. गुरांसाठी वाढवतात तो अझोलाही वेगाने वाढणारा नेचाच. पण तो मुख्यतः तुकडे पडून वाढतो, म्हणून या धड्याला उपयोगी नाही.

आपल्याला हंसराज पुरेसा आहे. पिकलेले पान कागदात ठेवून भुकटी गोळा करावी. विटेचा उकळलेला तुकडा बशीतल्या पाण्यात ठेवून त्यावर ती पेरावी, वर काचेचे भांडे पालथे घालावे आणि बशी उजेडात, पण उन्हापासून दूर ठेवावी. येथे काही आठवडे धीर धरावा लागेल. पण विटेवर हिरवी चकती दिसली, की सुमिन्स्कींनी काय पाहिले हे वेगळे सांगावे लागणार नाही.