पैसे देऊन आणलेला निवडुंग

पुण्यातल्या फ्लॅटच्या खिडकीत मी दीडशे रुपयांचा कॅक्टस आणून ठेवला. देऊळगाव राजाहून आलेली आजी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पैसे देऊन आणला का रे? आपल्या बांधावरचा कोणी फुकट नेला नसता."

तो बांध मी पाहिलाय. आता तिथे तारेचं कुंपण आहे. बांधावरचा निवडुंग गेला कुठे, हे शोधायला बसलो आणि थेट ईस्ट इंडिया कंपनीपर्यंत पोचलो.

आधी नावाचा घोळ. मोडला की पांढरा चीक गळणारा त्रिधारी निवडुंग, थोर, शेर ही आपली जुनी मंडळी. कॅक्टसशी त्यांचं नातं नाही. खरा कॅक्टस अमेरिकेतून आला. त्याची चपटी पानं (खरं तर ती खोडंच) नागाच्या फड्यासारखी दिसतात, म्हणून तो फड्या निवडुंग. पुण्याच्या नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबामुळे हे नाव तर देवालाही चिकटलंय.

कंपनीला हवा होता लाल रंग. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे कोट ज्या कोशिनीलने रंगत, तो फड्या निवडुंगावर जगणाऱ्या किड्यापासून मिळतो आणि तो धंदा स्पेनच्या मुठीत होता. 1780च्या दशकात मद्रासला डॉ. जेम्स अँडरसन यांनी निवडुंगाची बाग उभारली. 1795 साली कॅप्टन नीलसनने ब्राझीलहून किडे कलकत्त्याला आणले. पण किडा निघाला भलत्याच जातीचा! रंग हलका मिळाला, आणि किड्याने एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. प्रोजेक्ट फसला, पण बग कामाचा निघाला. पुढे निवडुंग शेतं गिळू लागला, तेव्हा सरकारने त्याच कुळातला दुसरा किडा 1926 साली सिलोनहून मुद्दाम आणून दक्षिणेत सोडला. किडीने तण मारायची पद्धत जगात रुळली, तिची सुरुवात अशी आपल्याकडे चुकून झालेली.

हा किडा लागला की फड्यांवर पांढरा कापूस धरल्यासारखं दिसतं. आजीला मी फोटो दाखवला. "हाच. आपल्याला हाच कापूस लागला होता, बहात्तरच्या दुष्काळानंतर."

बहात्तरला तो कापूस नव्हता, हे घराचं नशीब. कडबा संपला तेव्हा आजोबा फडे तोडून जाळावर धरत, काटे जळाले की तुकडे करून बैलांपुढे टाकत. फड्यात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे नुसते दिले तर जनावर पातळ हगतं. वाळलेलं काहीतरी सोबत लागतंच. घरी शेवटी छपराचं गवत उपसलं. दोनपैकी एक बैल वाचला. आजी त्याचं नाव अजून घेते, दुसऱ्याचं घेत नाही.

काटे जाळायची ती कटकट टाळण्यासाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याच्या जातींवर काम केलं. उरुळी कांचनला बाएफने शेळ्यांना अशा निवडुंगाचा चारा देऊन पाहिला. आमच्या गावात मात्र कोणी तो लावलेला मला दिसला नाही.

माझ्या खिडकीतल्या कॅक्टसचं डोकं लालभडक आहे. त्यात हरितद्रव्यच नाही, एकटं ते जगू शकत नाही. म्हणून खालच्या हिरव्या खोडावर त्याचं कलम केलेलं असतं. ते हिरवं खोड बहुधा ड्रॅगनफ्रूटच्या कुळातलं. हे सगळं मी आजीला उत्साहाने सांगितलं.

तिने चष्मा पुसला आणि विचारलं, "खालचं ते हिरवं बैल खातो का?"