सांगड, कास आणि ट्यूब

'सांगड घालणे' हा शब्द आपण उठता बसता वापरतो. अभ्यास आणि खेळ यांची सांगड, जुन्या-नव्याची सांगड. भाषणात तो आल्याशिवाय तर वक्त्याला चैन पडत नाही. पण सांगड म्हणजे मुळात कोणती वस्तू, असे मी वर्गात विचारत असे तेव्हा चाळीस मुलांत एखादाच हात वर होई. सांगड म्हणजे नदी ओलांडण्यासाठी एकत्र बांधलेले तरंगते सामान. दोन होड्या, दोन ओंडके किंवा वाळलेले भोपळे. एकटा भोपळा पाण्यात गिरकी घेतो आणि माणसालाही फिरवतो. दोन बांधले की एकमेकांना सावरतात.

'कास धरणे' हाही पाण्यातलाच शब्द. ज्याला पोहता येत नाही तो पोहणाऱ्याच्या कमरेच्या वस्त्राला, म्हणजे कासेला, धरून पैलतीर गाठतो. आज आपण सत्याची कास धरतो, विज्ञानाची कास धरतो, पण शब्दाचे मूळ नदीच्या धारेत आहे.

हे दोन शब्द आज आठवायचे कारण असे. आमच्या लोह्यातली सात-आठ तरुण मुलेमुली सुट्टीत कोकणात कोलाडला जाणार आहेत. तिथे कुंडलिका नदीत ट्यूबवर बसून प्रवाहाबरोबर तरंगत जायचे, असा बेत आहे. त्यात माझी नातही आहे. मोबाईलसाठी पाणी न शिरणारे पाकीट, गॉगल, टोपी, क्रीम अशी यादी करून ती मला म्हणाली, "आबा, अजून काय राहिलं?" मी म्हटले, "इतिहास तेवढा राहिला." ती हसली. मी मात्र थट्टा करत नव्हतो.

हवेने फुगवलेल्या वस्तूवर तरंगणे हा अमेरिकेतून आलेला नवा खेळ आहे असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे तीन हजार वर्षांचा तरी आहे. असिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या निमरूद इथल्या राजवाड्यातली शिल्पे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातली. त्यांत फुगवलेली कातडी पोटाशी धरून नदी पार करणारी माणसे कोरलेली आहेत. इसवी सनापूर्वी ३२९ मध्ये अलेक्झांडरला ऑक्सस म्हणजे आजची अमूदर्या ओलांडायची होती. होड्या नव्हत्या, पुलासाठी लाकूड नव्हते. त्याने तंबूंची कातडी कोरड्या भुसकटाने भरून घट्ट शिवायला लावली आणि पाच दिवसांत सारे सैन्य पलीकडे नेले.

आपल्याकडचा प्रसंग तर शाळेच्या पुस्तकातही असे. १५३९ मध्ये चौसाच्या लढाईत शेरखानाने हुमायूनचा पराभव केला. जीव वाचवायला बादशहा गंगेत उतरला आणि बुडू लागला. एका भिश्त्याने आपली मशक फुगवून त्याला दिली आणि पैलतीराला लावले. त्याचे नाव निजाम. (आमच्या हैदराबादच्या निजामाशी त्याचा काही संबंध नाही, हे मराठवाड्यातल्या मुलांना मुद्दाम सांगावे लागे.) आग्ऱ्याला परतल्यावर हुमायूनने या भिश्त्याला थोडा वेळ सिंहासनावर बसवून उपकार फेडले.

मुले ही गोष्ट ऐकताना सिंहासनावर अडकत. मी त्यांना पुन्हा पाण्यात आणत असे. विचारत असे, बादशहाला वाचवले कोणी, मशकीने की भिश्त्याने? मशक तर फुगवलेले कातडे. तिला काठ कुठे आहे ते कळत नाही. नदीत रोज उतरणारा, पाण्याशी सराव असलेला माणूस तिच्याबरोबर होता, म्हणून ती उपयोगी पडली. सांगडीबरोबर कास होती.

ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेला नदीची उपमा दिली आहे. पूर, भोवरे, लाटा सगळे त्या वर्णनात आहे. आपल्या बुद्धीच्या बाहूंवर विसंबून उडी घेणाऱ्यांचे आणि निरनिराळे तरंगे बांधून निघालेल्यांचे काय होते, तेही तिथे येते. तरून जाण्याचा जो जो उपाय करावा तोच अपाय होतो, असा त्या वर्णनाचा भाव आहे. पार जातात ते तारू ओळखीचे असलेले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेकाठच्या नेवाशात सांगितलेला हा ग्रंथ आहे. अर्थ अध्यात्माचा असला तरी दाखला देणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने खरी नदी पाहिलेली होती.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आगेमागे, पोहणे विहिरीत शिकत. पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधायचे. पुढे डालड्याचा झाकणबंद डबा आला. गणित साधे होते. दहा लिटरचा रिकामा बंद डबा पाण्यात सुमारे दहा किलो भार उचलून धरतो. माणसाचे शरीर पाण्यात जवळजवळ तोललेलेच असते, त्यामुळे तोंड वर राहायला चार-पाच किलोंचा आधार पुष्कळ होतो. पण भोपळा बांधणारा काका किंवा मोठा भाऊ स्वतः पाण्यात असे आणि पोराची कड दोरीने त्याच्या हातात असे. एकट्या भोपळ्याच्या भरवशावर कोणी पोर सोडत नसे.

मग रबर आले. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचे टायर केले. मोटारी वाढल्या, ट्रक वाढले आणि त्यांच्या जुन्या ट्यूबा पंक्चरच्या दुकानाबाहेर लोंबू लागल्या. भोपळ्यापेक्षा कितीतरी मोठा आधार, तोही जवळजवळ फुकट. आत बसा, पाय बाहेर सोडा आणि निघा. ट्यूब इतकी मोठी होती की कास धरायची गरजच वाटेना. माझ्या मते घोटाळा इथे झाला.

१९८० च्या सुमारास मी मन्याडकाठच्या एका गावात शिकवत होतो. नववीतला एक मुलगा, विहिरीत वरून सूर मारणारा, भावाच्या ट्रकची ट्यूब घेऊन दोन मित्रांसह नदीवर गेला. पोळा होऊन आठ दिवस झाले होते. गावावर लख्ख ऊन होते. पण मन्याड बालाघाटच्या डोंगरातून येते आणि आदल्या रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला होता. पाणी एकदम चढले. दोघे मित्र काठाच्या बाभळीला धरून वाचले. ट्यूब दुसऱ्या दिवशी खालच्या गावाजवळ सापडली, जशीच्या तशी फुगलेली. मुलगा त्याच्या दुसऱ्या दिवशी सापडला.

गावात एक म्हातारे भोई होते. नाव चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते मला म्हणाले, "गुरुजी, सकाळपासून पाण्यात काडीकचरा आन् फेस येऊ लागला होता. म्या सोता उतरलो न्हाई. पर इचारलंच कुनी न्हाई." पुस्तकात वाचलेला सगळा इतिहास मला त्या एका वाक्यात दिसला. तरंगायचे साधन होते. जाणता माणूसही शंभर पावलांवर होता. मधला प्रश्न विचारायचा राहिला.

आता तर नदी ओळखणे आणखी अवघड झाले आहे, कारण नद्यांना दरवाजे बसले. मन्याडवर आमच्याच तालुक्यात लिंबोटीचे ऊर्ध्व मानार धरण आहे. गोदावरीवर पैठणला १९७६ पासून जायकवाडी आहे, नांदेडला विष्णुपुरी आहे. पूर्वी वरचा पाऊस पाहून नदीचा अंदाज करत. आता वरचा दरवाजा कोणी, कधी, किती उघडला हे कळल्याशिवाय अंदाज होत नाही. वाळू उपशाने पात्रात खोल खड्डे पडले आहेत. काल गुडघाभर पाणी होते तिथे आज पुरुषभर असू शकते. आणि पावसाचा भरवसा तर उरलाच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात रातोरात पाणी चढले आणि हसनाळसारख्या गावात घरात झोपलेली माणसे गेली.

मुले जाणार आहेत त्या कुंडलिकेचीही कथा अशीच, किंबहुना अधिक विलक्षण. उन्हाळ्यातही तिथे तरंगण्याजोगे पाणी असते ते पावसाचे नव्हे. मुळशी धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवून टाटांच्या भिरा वीजगृहात पडते. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. एरवी भीमेला, पुढे कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जायचे ते पाणी वीज करून रावळजेच्या बंधाऱ्यातून कुंडलिकेत सोडले जाते आणि अरबी समुद्राला मिळते. याच धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मुळशीचा सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट सेनापती बापट झाले. मावळातल्या शेतकऱ्यांच्या बुडालेल्या जमिनींवरून आलेले हे पाणी आहे. त्यावर मौज करू नये असे मी म्हणत नाही. पण ते कुठून येते हे माहीत असावे. शिवाय त्यात सुरक्षिततेची किल्लीही आहे. हे पाणी सकाळी ठरावीक वेळी सोडतात, म्हणून तिथला तरंगण्याचा खेळ सकाळचा. पाणी कधी सुटणार आणि कधी ओसरणार हे ज्याला माहीत आहे, तोच तिथला आजचा भोई.

म्हणून तयारीतली पहिली वस्तू म्हणजे प्रश्न. आयोजकाला विचारा: पाणी किती वाजता सुटते? आज ट्यूब सोडण्याजोगा प्रवाह आहे की फक्त राफ्टचा? आमच्याबरोबर पाण्यात कोण असेल आणि खालच्या वळणावर दोरी घेऊन कोण उभे असेल? तुमची नोंदणी आहे का? राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आहे, त्यामुळे हे विचारण्यात संकोच नको. उत्तर देताना जो चिडेल त्याच्याबरोबर जाऊ नये. आपल्यालाही काही सांगायचे असते. पोहता येत नाही, फिट येते, छातीचा त्रास आहे, हे लपवू नये. दारू घेतलेल्याला पाण्यापाशी फिरकूही देऊ नये.

दुसरी वस्तू जॅकेट. १८५४ मध्ये इंग्लंडच्या जीवरक्षक नौकांसाठी कॅप्टन वॉर्ड यांनी बुचाच्या लाकडाचे जॅकेट केले. १८६१ मध्ये व्हिटबी इथे वादळात अशी नौका उलटली. तेरांपैकी बारा जण बुडाले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन, आणि नव्या पद्धतीचे जॅकेट त्याच्याच अंगात होते. पुढे बुचाऐवजी पांढऱ्या सावरीचा कापूस आला, मग फोम आला. ट्यूब आणि जॅकेट यांतला फरक या गोष्टीत आहे. ट्यूब तुम्ही धरून ठेवता. जॅकेट तुम्हाला धरून ठेवते. मात्र ते मापाचे हवे. सगळे बंद लावल्यावर मित्राला दोन्ही खांद्यांवर धरून वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत आले तर ते तुमचे नाही. डोक्याला हेल्मेट, पायात पट्ट्याचे बूट. चपला पहिल्याच लाटेत जातात.

तिसरी गोष्ट पाण्यातली रीत. ट्यूबमधून पडलात तर उभे राहायची घाई करू नका. वाहत्या पाण्यात पाय दगडांच्या फटीत अडकला की प्रवाह माणसाला पुढे झोपवतो. उताणे व्हा, पाय वर आणि पुढे ठेवा, हातांनी काठाकडे सरका. पाण्यात वाकलेल्या झाडापासून लांब राहा. पाणी फांद्यांतून जाते, माणूस जात नाही. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तिथे तर ट्यूब कधीही नेऊ नये. वरून तो पायरीएवढा दिसतो, पण खाली पाणी मागे फिरते आणि पडलेल्याला पुन्हापुन्हा आत ओढते. आणखी एक. ट्यूबला स्वतःला बांधू नका, ओढणीने किंवा दोरीने एकमेकांच्या ट्यूबाही जोडू नका. वेगाच्या पाण्यात मधली दोरी दगडाला अडकली की सगळेच अडकतात. सांगड शांत पाण्यात घालायची असते.

कोणी बुडू लागला तर पट्टीच्या पोहणाऱ्यानेही लगेच उडी टाकू नये. बुडता माणूस मिठी मारतो आणि दोघेही जातात. आधी फेका: दोरी, रिकामा कॅन, ट्यूब. तीही कासच आहे, फक्त आता ती लांबून द्यायची.

आणि लोह्यातल्या इतर मुलांसाठी एक शब्द. कोलाडची छायाचित्रे पाहून ट्रॅक्टरची ट्यूब काढून लिंबोटीच्या खाली किंवा गोदावरीत उतरावेसे वाटेल. तिथे पाणी सुटण्याची वेळ सांगणारा कोणी नाही आणि खालच्या वळणावर दोरी घेऊन उभा राहणाराही नाही. हौस असेल तर आधी पोहणे शिका, काठावरच्या मासेमारांशी ओळख करा, धरणाखालचा भोंगा कशासाठी वाजतो ते विचारून घ्या. आमच्या पिढीने सांगड आणि कास हे शब्द वाक्प्रचारात ठेवून दिले आणि वस्तू विसरली. तुम्ही आता नदीकडे पुन्हा निघाला आहात, ही मला चांगलीच गोष्ट वाटते. सांगड तुम्हाला बाजारात मिळेल. कास मात्र विचारूनच मिळते.