माळकऱ्याचं यकृत

अण्णा माळकरी होते. मुळशी तालुक्यातल्या आमच्या नेऱ्यात त्यांनी दारूच्या थेंबाला शिवल्याचं कुणी पाहिलेलं नाही. अंगकाठी अशी, की सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. २००१ साली पोटात दुखतं म्हणून त्यांची शहरात सोनोग्राफी केली, तर रिपोर्टमध्ये ‘फॅटी लिव्हर’ आलं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, “रोज किती घेता?” अण्णा काही बोललेच नाहीत. बातमी गावात पोचायला दोन दिवस लागले. ‘गळ्यात माळ आणि गोठ्यात बाटली’ असं पारावर कुणीतरी म्हणालं. ते अण्णांच्या कानावर आलं आणि त्या वर्षी ते दिंडीत गेले नाहीत. २०११ साली ते वारले.

गेल्या वर्षी माझ्याही रिपोर्टमध्ये तेच दोन शब्द आले. मीही पीत नाही. मग हा संशय कुठून आला, ते शोधायला लागलो.

संशय जुना आहे. १८३६ साली लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी यकृतातल्या चरबीचं वर्णन केलं, ते दारूच्या संदर्भात. पुढं जवळजवळ दीडशे वर्षं चरबीचं यकृत म्हणजे बाटली, हे समीकरण पक्कं राहिलं. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी असे वीस रुग्ण मांडले, की ज्यांचं यकृत दारुड्यासारखं होतं, पण दारू नव्हती. या आजाराला नाव पडलं तेही नकाराचं, ‘नॉन-अल्कोहोलिक’. ते अधिकृतपणे बदलायला २०२३ साल उजाडलं. आता नावात दारूऐवजी चयापचयाचा बिघाड आहे. पण लुडविग यांचे बहुतेक रुग्ण लठ्ठ होते आणि त्यांत बायकाच जास्त होत्या. किडकिडीत अण्णा त्या चित्रातही बसत नव्हते.

सगळ्यांची यकृतं सारखी नसतात, हे मोठ्या प्रमाणावर दिसलं ते अमेरिकेतल्या डॅलस शहरात. तिथं यकृतातली चरबी मोजल्याचा अभ्यास २००४ साली आला, त्यात ती वाढलेली सापडली ४५ टक्के हिस्पॅनिक, ३३ टक्के गोऱ्या आणि २४ टक्के काळ्या लोकांत. गोऱ्यांमध्ये पुरुष ४२ टक्के, तर बायका २४ टक्के. बाकीच्या दोन गटांत मात्र बाई-पुरुष असा फरक दिसला नाही. २००८ साली त्याच शहरातल्या लोकांमध्ये एका जनुकाचा धागा सापडला. चरबी वाढवणारं त्याचं रूप हिस्पॅनिकांत सर्वांत जास्त आणि काळ्यांत सर्वांत कमी होतं. त्यानं बरंच उलगडलं, सगळं नाही. अण्णा तर त्या तिन्ही रकान्यांत नव्हते.

त्यांचा रकाना पुण्यातच भरला जात होता. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास करत होते. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांनी लहान भरली. स्नायू खूप कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानानं जवळजवळ शाबूत. दिसायला बारीक, आतून चरबीदार. हे २००३ साली छापून आलं. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के.

संशोधक त्याचा अर्थ असा लावतात : साखर खपवणारे स्नायू कमी आणि कातडीखालचं कोठार लहान, त्यामुळं जास्तीचं पोटात आणि यकृतात साठतं. आपलं कोठार लवकर भरतं. पाळी चालू असेपर्यंत बाईला इस्ट्रोजेनचा आधार असतो. तिची चरबी मांड्या-नितंबांवर बसते आणि यकृत बरंचसं वाचतं. आई त्याच ताटातलं जेवली, पण तिचा रिपोर्ट स्वच्छ होता. पाळी गेल्यावर सहा वर्षांनी तिचंही यकृत चरबीनं धरलं.

त्या खेड्यांतल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणात पाणी भरणं, शेतात राबणं अशी जड कामं जास्त करणाऱ्या बायकांची बाळं आणखी लहान होती. हे वाचताना मला आजी आठवली. अण्णा आषाढात जन्मले. आजी आदल्या दिवसापर्यंत गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करत होती, हे ती स्वतः अभिमानानं सांगायची. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून जन्मलेल्या बाळांची वजनं वहीत लिहिलेली होती. त्यावरूनच डेव्हिड बार्कर यांना १९८९ साली जन्माचं वजन आणि म्हातारपणचा हृदयविकार यांचा संबंध दाखवता आला. अण्णांचं वजन कुणी केलं नाही. म्हणून आजीच्या कष्टाला कारण ठरवायला माझ्याकडं पुरावा नाही, आणि दोष तर तिचा नाहीच. पोटुशी बाई आणि लावणी हे गणित तिनं मांडलेलं नव्हतं.

अण्णा एकटे नव्हते, हेही आता माहीत आहे. बंगालमधल्या बीरभूमच्या खेड्यांतला अभ्यास २०१० साली आला. शंभरात जवळपास नऊ जणांच्या यकृतात चरबी होती आणि त्यांतल्या बहुतेकांचं वजन जास्त नव्हतं. २०२१ पासून केंद्र सरकारनं हा आजार मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी, अशी आपल्याकडची वेगळी मापंही ठरली आहेत. माझी ९४ भरते. आमच्या भातखाचरांचे प्लॉट पडले आणि मी हिंजवडीत दिवसभर खुर्चीत बसतो. ती चार सेंटिमीटर माझी मलाच उतरवायची आहेत.

हे सगळं मी आईला एका संध्याकाळी सांगितलं. तिनं निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले आणि विचारलं, “हे त्यांना सांगणारं तवा कुणी नव्हतं व्हय?”

“होतं,” मी म्हणालो. “पुण्यातच होतं.”

तिनं ताट परत मांडीवर घेतलं. त्या रात्री अण्णांच्या फोटोवरची माळ तिनं काढली, पुसली आणि पुन्हा घातली.