पाण्याची पातळी आणि बादशहाची हौस

पॅरिस शहराच्या पश्चिम सीमेस 'ब्वा द बुलोन्य' नांवाचें सुमारें २,१०० एकरांचें वनोद्यान आहे. तेथील तळ्यांत नौका चालतात, काठच्या झाडींतून लोक हिंडतात. हें सारें निसर्गानेंच मांडून ठेविलें असावें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. वस्तुतः हीं दोन्ही मोठीं तळीं माणसांनीं खणलेलीं आहेत, आणि तीं दोन असण्याचें कारण मोठें मौजेचें आहे.

पूर्वीं हें रान फ्रान्सच्या राजांचें शिकारीचें. १८१४-१५ सालीं, नेपोलियनच्या पाडावानंतर, परकीय सैन्यांनीं तेथें छावण्या दिल्या व झाडें तोडलीं. पुन्हा लागवड झाली खरी. परंतु रस्ते पूर्वींप्रमाणेंच बाणासारखे सरळ, आणि पाण्याची शोभा अशी नाहींच.

लुई नेपोलियन यानें विजनवासाचीं कांहीं वर्षें लंडनमध्यें काढलीं होतीं. तेथील हाइड पार्कांतील नागमोडी तळें त्याच्या मनांत भरलें. १८५२ सालीं सरकारनें हें रान पॅरिस शहरास दिलें. अट अशी कीं, चार वर्षांत वीस लक्ष फ्रँक खर्चून तें सुधारावें. त्याच सालाच्या अखेरीस लुई बादशहा झाला. त्यास रानांतून एक लांबलचक नदी हवी होती. वारे नांवाच्या उद्यानकारानें खोदकामास आरंभही केला.

१८५३ सालीं हौसमान शहराचा मुख्य अधिकारी म्हणून आला. जमिनीची उंचसखलता पाहतांच त्यास शंका आली. नदीचें एक टोक दुसऱ्यापेक्षां बरेंच उंच होतें. पाणी सोडलें असतें, तर वरचें पात्र कोरडें पडून खालचें कांठोकांठ भरलें असतें. द्रव आपली पातळी राखतो, हें आम्ही मुलांकडून घोकून घेत असूं. राजवाड्यांत तें कोणास आठवलें नाहीं! ही हकीकत हौसमाननें स्वतःच लिहून ठेविली आहे, तेव्हां तींत थोडी आत्मप्रौढी धरून चालावी.

वारेस काम सोडावें लागलें. हौसमाननें बोर्दोहून आपल्या परिचयाचा आल्फाँ नांवाचा इंजिनिअर आणविला. त्यानें खणलेलें सारें बुजविलें नाहीं. नदीचा हट्ट सोडून वरच्या व खालच्या पातळीवर दोन निरनिराळीं तळीं केलीं आणि मधल्या उतारावर धबधबा योजिला. निघालेल्या मातीची टेकडी झाली. पाण्याची सोय व्हावी म्हणून पासी येथें १८५५ ते १८६१ पर्यंत सुमारें १,९०० फूट खोल विहीर पाडली. सरळ रस्त्यांपैकीं मुख्य असे दोनच ठेवून बाकीचे वळणदार केले.

पैसा कोठून आला? कांहीं अंशीं रानाच्या कडेची जमीन घरांसाठीं विकून. म्हणजे सर्वांच्या रानाचा लचका तोडून त्याच रानाची शोभा वाढविली, आणि कडेस बंगले उठले ते धनिकांचे. तळ्याभोंवतीं गर्दी असे तीही मुख्यतः त्यांच्या बग्ग्यांची. पूर्वेकडील कामकरी वस्तीपासून हें स्थळ फार दूर. त्या बाजूचें व्हँसेनचें रान शहरास मिळालें तें १८६० सालीं. हा क्रम मला तरी उलटा वाटतो.

पुढें १८७० च्या युद्धांत तटबंदीनजीकचीं झाडें शहराच्या रक्षणासाठीं तोडावीं लागलीं, आणि डिसेंबर १९९९ च्या वादळानें असंख्य वृक्ष उन्मळून पडले. दोन्ही वेळां नवी लागवड झाली. तीं दोन तळीं मात्र आल्फाँनें नेमून दिलेल्या आपापल्या पातळीवर आजही आहेत.