ठोक्याचा आकार



पडेगावात राहून वाळूजला कामाला जाणारे कित्येकजण आज समोर बसले आहेत. आपल्या जिल्ह्यात, वाळूज आणि शेंद्र्याला, स्टरलाइटच्या कारखान्यांत केसाएवढा बारीक काचेचा तंतू तयार होतो, हे त्यांना मी सांगावयास नको. त्या तंतूतून संदेश नीट जावा म्हणून माणसांनी काय काय केले, तो इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा सांगेन ते साध्या भाषेत.

गेटसभेत बोलताना एक गोष्ट मला फार उशिरा कळली. समोर पत्र्याची शेड असली की आवाज उलटून येतो आणि एक शब्द दुसऱ्यावर चढतो. अशा वेळी कर्णा मोठा केला तर गोंगाटच वाढतो. शब्द तोडून, मध्ये जागा सोडून बोलावे लागते.

नेमकी हीच अडचण १८५८ साली अटलांटिक समुद्राच्या तळाशी उभी राहिली. आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी तार टाकली गेली. एका टोकाला विजेचा ठोका टाकावा तो टोकदार, आणि दुसऱ्या टोकाला निघावा तो पसरट, लांब शेपटीचा! राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जाण्यास सुमारे सोळा तास लागले. विल्यम थॉमसन याने आधीच गणित मांडले होते, की तारेची लांबी दुप्पट झाली तर हा विलंब चौपट होतो. परंतु वाइल्डमन व्हाइटहाउस या प्रमुख वीजतज्ज्ञाला ते पटले नाही. त्याने जोर लावला. सुमारे दोन हजार व्होल्ट तारेत सोडले. तार काही आठवड्यांतच निकामी झाली. तिचे वेष्टण मुळातच सदोष होते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

१८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली आणि आपली मुंबई समुद्रातून लंडनशी जोडली गेली. त्याच दशकात थॉमसन आणि फ्लेमिंग जेनकिन यांनी ठोका पाठविण्याचे एक यंत्र रचले. प्रत्येक ठोक्यामागून लगेच एक छोटा उलटा ठोका पाठवावयाचा, म्हणजे पहिल्याची शेपूट आखडते. जोर न वाढवता नुसता आकार बदलला, एवढीच युक्ती. पुढे १९२८ साली अमेरिकेत हॅरी नायक्विस्ट याने याला नियमाचे रूप दिले. ठोके एकमेकांत मिसळले तरी चालतील. पण एकाचे वाचन करण्याच्या क्षणी शेजारचे सगळे शून्यावर असावेत, असा त्यांचा आकार ठेवावा.

काचेचा तंतू आला तरी दुखणे तेच राहिले. १९६६ साली चार्ल्स काव यांनी शुद्ध काचेतून प्रकाश दूर जाईल असे दाखविले, आणि १९७९ साली आपल्या देशातील टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली तंतुवाहिनी पुण्यात सुरू झाली. काचेत मात्र प्रत्येक रंगाची चाल निराळी असते. सेकंदाला एक हजार कोटी ठोके पाठवावयाचे म्हटले, तर काचेत एकेका ठोक्याच्या वाट्याला दोन सेंटिमीटर जागा येते. प्रकाशाचा रंगपट्टा एक दशांश नॅनोमीटर जरी रुंद असला, तरी नेहमीच्या तंतूत शंभर किलोमीटरांवर ठोका साडेतीन सेंटिमीटरांच्या आसपास पसरतो. म्हणजे शेजाऱ्याच्या घरात शिरला! आणि ज्याच्या कडा एकदम उभ्या, त्या ठोक्यात रंग अधिक, म्हणून तो अधिक पसरतो. घंटेसारखा गोलसर घडविला तर कमी पसरतो.

सुमारे २०१० नंतर ही घडण गणकचिपांकडे गेली. पाठविणाऱ्या टोकाला ठोक्याचा आकार हिशेबाने घडवितात. काचेत झालेला पसारा घेणाऱ्या टोकाला उलटे गणित करून आवरतात. त्यामुळे जमिनीत आधीच पुरलेल्या तंतूंतून कितीतरी पट अधिक संदेश जाऊ लागले, आणि तेवढ्यापुरते नवे चर खणावे लागले नाहीत.

कंपनीच्या ताळेबंदात ही बचत दिसते. चर खणणारा कंत्राटी मजूर कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. एका टापूतले केबलचे काम संपले की पुढचे कुठे निघणार, एवढेच विचारावयास तो आमच्या कचेरीत येतो.