अणुकेंद्रकाच्या सामुदायिक कंपनांचा शोध



मारुंजीच्या आसपास कारखाने व संगणक-कंपन्या उभ्या राहिल्यापासून "मूलभूत विज्ञान शिकून काय मिळणार?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. त्याचा विचार करताना पुढील इतिहास ध्यानात घ्यावा.

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात. हे सर्व कण मिळून एका तालात डोलू शकतील, असे रशियन शास्त्रज्ञ मिग्दाल यांनी १९४४ मध्ये गणिताने मांडले. १९४७ मध्ये अमेरिकेत बाल्डविन व क्लायबर यांनी युरेनियम व थोरियमवर तीव्र किरण सोडले, तेव्हा ठराविक ऊर्जेच्या आसपास विखंडन एकदम वाढलेले दिसले. नेमक्या वेळी धक्का बसला की झोका उंच जातो, तसाच हा प्रकार होय.

पण आत डोलते काय? १९४८ मध्ये गोल्डहाबर व टेलर म्हणाले, प्रोटॉनांचा गोळा व न्यूट्रॉनांचा गोळा एकमेकांविरुद्ध हलतात. १९५० मध्ये स्टाइनवेडेल व येन्सेन यांनी सांगितले, बंद भांड्यात मिसळलेले दोन द्रव असावेत, तसे ते आतल्या आत सरकतात.

निवाडा गणिताने झाला. शिशाचे केंद्रक ऑक्सिजनच्या १३ पट जड असते. मोठ्या ढोलाचा आवाज खर्जातला, तशी जड केंद्रकाच्या कंपनाची ऊर्जा कमी. किती कमी? पहिल्या प्रतिमानाप्रमाणे १३ चे सहावे मूळ, म्हणजे सुमारे दीडपट. दुसऱ्याप्रमाणे घनमूळ, म्हणजे सुमारे २.३५ पट. मोजमापात ऑक्सिजनसाठी सुमारे २२ व शिशासाठी सुमारे साडेतेरा दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट आले, म्हणजे १.६ पट. उत्तर दोहोंच्या मध्ये पडले! दोन्ही प्रतिमानांत सत्याचा अंश होता. केंद्रकाच्या अशा सामुदायिक हालचालींच्या सिद्धांताबद्दल ऑगे बोर, मॉटेलसन व रेनवॉटर यांना १९७५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे काम दूरदेशीच राहिले असे नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस पेलेट्रॉन हे त्वरक यंत्र सुरू झाले. तापलेल्या, गरगर फिरणाऱ्या केंद्रकांची हीच कंपने तेथे मोजली गेली व त्यांवरून केंद्रकाचा आकार ताडला गेला.

पालकहो, वरील निवाड्याला लागले ते मूळ काढणे शाळेच्या वहीतलेच आहे. म्हणून मुलगा असो वा मुलगी, दहावीनंतर गणिताची गोडी असेल तर ती वाट केवळ लवकर नोकरी मिळावी म्हणून बंद करू नका.