पत्र्यातील कंपनांचा जमाखर्च

धातूचा पातळ पत्रा कसा कंप पावतो, हे डोळ्यांना दिसले ते वाळूमुळे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाडनी पत्र्यावर बारीक वाळू पसरत आणि त्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढत. पत्रा जिथे थरथरे तिथली वाळू उडे आणि स्थिर रेषांवर जाऊन साचे. या आकृत्या त्यांनी १७८७ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांमागचे गणित मांडण्यासाठी पॅरिसच्या विज्ञान संस्थेने पारितोषिक जाहीर केले. सोफी जर्मेन यांनी ते तिसऱ्या प्रयत्नात, १८१६ मध्ये मिळवले. त्यांच्या गणितात राहिलेला कडांविषयीच्या अटींचा घोळ गुस्ताव किरखॉफ यांनी १८५० मध्ये मिटवला.

सुट्या पत्र्याचे गणित असे बसले. जहाज, विमान किंवा रॉकेट मात्र अनेक पत्रे जोडून बनते. एक चौरस मीटर क्षेत्राच्या आणि एक मिलिमीटर जाडीच्या एकाच पोलादी पत्र्याला १००० हर्ट्झपर्यंत सुमारे ३३० कंपनरूपे, म्हणजे कंप पावण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा, असतात. जाडीत किंवा सांध्यात किंचित फरक पडला तरी ती बदलतात. त्यामुळे एकेका रूपाचा माग काढणे कष्टाचे असते आणि त्यातून हाती आलेले उत्तरही भरवशाचे नसते.

१९६० च्या सुमारास रॉकेटच्या प्रचंड आवाजात आतली उपकरणे टिकतील का, हा प्रश्न अमेरिकेत ऐरणीवर आला. रिचर्ड लायन आणि प्रेस्टन स्मिथ यांच्या कामातून तेव्हा एकेका रूपाऐवजी सरासरी ऊर्जेचा हिशेब ठेवणारी ‘सांख्यिकीय ऊर्जा विश्लेषण’ ही पद्धत उभी राहिली. लायन आणि गिडियन मैदानिक यांनी १९६२ च्या शोधनिबंधात दाखवले, की जोडलेल्या दोन दोलकांमधला शक्तिप्रवाह त्यांच्या सरासरी ऊर्जांमधील फरकाच्या प्रमाणात असतो. लायन यांचा या विषयावरील ग्रंथ १९७५ मध्ये आला.

काटकोनात वेल्डिंग केलेले दोन पत्रे घ्यावेत. पहिल्यावर यंत्र चालू आहे. त्याने दिलेल्या शक्तीचा काही भाग त्याच पत्र्यात उष्णता होऊन जिरतो, उरलेला सांध्यातून दुसऱ्यात जातो. उष्णता जशी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहते, तशी ही शक्ती दर कंपनरूपामागे जास्त ऊर्जा असलेल्या पत्र्याकडून कमी ऊर्जेच्या पत्र्याकडे वाहते. दोन पत्र्यांसाठी दोन साधी समीकरणे पुरतात.

कंपनरूपे भरपूर असतील आणि सांध्यातून होणारी जोडणी क्षीण असेल, तेव्हा हा हिशेब चांगला जुळतो. कमी वारंवारतेवर रूपे मोजकीच असतात. तिथे प्रत्येकाचे गणित स्वतंत्रपणेच करावे लागते.